दुसरा ब्रेक

सुनावणी संध्याकाळची होती, पण आप्पांचं भाषण सकाळीच सुरू झालं होतं. दाढी करताना आरशाला ऐकवून झालं, चहाबरोबर माईला ऐकवून झालं, आणि आता दुपारी जेवायला बसल्यावर सगळ्यांना मिळून. हातात घास आणि तोंडात पालिका.

"सुरुवातीला 'बंधुभगिनींनो' म्हणू की 'नागरिकहो'?"

"काहीही म्हणा, पण घास गिळून म्हणा," माई म्हणाली.

आता आप्पा चिडले होते त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे मास्तरांनी, ह्याच रस्त्यावर मोटार शिकवायची शाळा काढली. खाली शाळा, वर घर. निम्म्या गावाने पहिल्यांदा गिअर टाकला तो ह्या रस्त्यावर, आणि पहिल्यांदा गाडी बंद पाडली तीही ह्याच रस्त्यावर. आणि पालिका म्हणत होती की पुलापासून चौकापर्यंतचा हा रस्ता मोटारींना बंद करायचा. पायी चालणारी माणसं आणि सायकली, बस्स. दोन महिने दर रविवारी सकाळी अडथळे लावून तसा प्रयोग चालू होता. आज लोकांचं म्हणणं ऐकणार, मग कायमचं काय ते ठरवणार. रस्ता बंद झाला तर शाळा हलवावी लागणार, कारण दारात मोटार येत नाही अशी मोटारीची शाळा म्हणजे पाण्याशिवाय पोहायचा क्लास. आप्पांनी सत्तरी ओलांडलेली. ह्या वयात नवीन जागा, नवीन पाटी, नवीन सगळं करायचं म्हणजे शाळा बंदच होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि ह्या उद्योगाचा नकाशा काढला कोणी? त्यांच्याच मुलीने. ती पालिकेच्या वाहतूक खात्यात इंजिनिअर, आणि ह्या क्षणी आप्पांच्याच समोर बसून भाजी वाढून घेत होती.

घरात तिला हॉर्न म्हणतात. मास्तरांना नातवंडांना गाडीच्या भागांची नावं ठेवायची हौस होती. ही पाळण्यातून जी ओरडायची ती चौकापर्यंत ऐकू जायची, म्हणून हॉर्न. तिच्या मोठ्या भावाचं नाव क्लच. "हा दाबला गेला की इंजिन घरघरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही," असं मास्तर म्हणायचे. क्लच आता पंचेचाळीस वर्षांचा झाला, शाळेत आप्पांच्या बरोबरीने शिकवतो, पण नाव बदलावं असं त्याने काही केलेलं नाही.

"तू कुठे बसणार आज?" आप्पांनी मुलीला विचारलं.

"पुढे. साहेबांच्या शेजारी. नकाशा मलाच समजावून सांगायचाय."

"म्हणजे बापाच्या विरोधात."

"आप्पा, तुमच्या विरोधात नाही हो. गाड्यांच्या."

"एकच झालं!"

"तसं बघितलं तर," क्लच म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे."

"तू गप्प बस," बाप आणि बहीण एका सुरात म्हणाले. ह्या दोघांचं आज एकमत झालं असेल तर तेवढ्यावरच.

टेबलाखाली आप्पांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. सगळ्यांना ती सवय माहीत होती. शिकाऊ गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या. आयुष्यभर दुसऱ्या ब्रेकवर बसलेला माणूस. कोणाची टॅक्सी असो, बस असो, नाहीतर घरातलं बोलणं असो, जिथे धोका दिसला तिथे आप्पांचा पाय खाली जायचाच.

"मास्तर काय म्हणायचे?" आप्पा म्हणाले. "गाडीला स्टीअरिंग एकच. घरात काय डोकी फोडायची ती फोडा, बाहेर एकानेच बोलायचं. तू नोकरीसाठी तिकडे बस, माझं काही म्हणणं नाही. पण घराच्या वतीने मी बोलणार. आजवर हे मोडलेलं नाही."

"घराच्या वतीने? माईला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तिने एक फाटक पाडलं तेवढं पुरे झालं."

झालं, सगळे हसले. फाटकाची गोष्ट ह्या घरात निघाली नाही असा महिना जात नसे. मुलं लहान असताना आप्पांनी माईला वर्षभर मोटार शिकवली, आणि परीक्षेच्या दिवशी तिने गाडी नेऊन घातली ती थेट लायसन्सच्या ऑफिसच्या फाटकात. ज्याने गाव शिकवलं त्याच्याच बायकोने! दिव्याखाली अंधार, असं तेव्हा लोक म्हणाले. पुढे ती गोष्ट चेष्टेची झाली आणि माई कधी गाडीत पुढे डाव्या-उजव्या कुठल्याच बाजूला बसली नाही. मागे बसायची.

माईसुद्धा हसली. नेहमीच हसायची. क्लच हसता हसता बायकोकडे बघायला गेला, तर त्याची बायको हसत नव्हती. पाण्याच्या भांड्यात काहीतरी पडल्यासारखी ती त्यात बघत बसली होती.

"बरं," माईने ताटं गोळा करत विचारलं, "उद्या कोणी मोकळं आहे का? धाकटीकडे जाऊन आले असते."

धाकटी म्हणजे माईची बहीण. पुलापलीकडे एकटी राहते.

"उद्या माझे सकाळपासून शिकाऊ आहेत," क्लच म्हणाला.

"मला साहेबांना अहवाल द्यायचाय गं," हॉर्न म्हणाली.

"बघू," आप्पा म्हणाले.

माईने मान हलवली आणि ताटं घेऊन आत गेली.

सून मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटलं. शाळेचं ऑफिस तीच सांभाळते. फोन घेणं, वेळा देणं, रुसलेल्या शिकाऊंना समजावणं. वीस वर्षं सासऱ्यांच्या बाजूने उभी राहिलेली सून. आप्पा म्हणायचे, माझा खरा उजवा हात ही.

"माई, तुम्ही हसता कशा काय त्या गोष्टीवर?"

"सवय झाली गं."

"मला नाही होत. इकडे बघू, कोपर दाखवा."

माईने बाही वर केली. कोपराला खरचटलेलं होतं, त्यावर खपली धरली होती. सुनेने मलम लावलं.

"आज सांगून टाका सगळ्यांना."

"कशाला? आधीच घरात आग लागलीय, मी कुठे तेल ओतू? ह्यांची शाळा आहे ती. शाळेच्या जिवावर आपण जेवलो."

"आणि रस्ता पुन्हा उघडला तर? गाड्यांच्या गर्दीत शिकणार आहात?"

माईने नळ सोडला आणि भांड्यांचा आवाज करत राहिली. सून तिथेच उभी राहिली. ह्या भानगडीत तिचा हात होता, आणि पकडली गेली तर आप्पांच्या उजव्या हाताचं काय होईल ह्याची तिला चांगलीच कल्पना होती. पण आता मागे फिरायची तिची इच्छा नव्हती.

सभागृह म्हणजे पालिकेच्या तळमजल्यावरची लांबट खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, किरकिरणारा माइक, भिंतीवर नकाशा. मोटार हवी असलेले डावीकडे बसले, सायकलवाले उजवीकडे, आणि कोणी सांगितलं नसताना मधे आपोआप वाट पडली. क्लच आधी उजवीकडे बसला, मग डावीकडे गेला, शेवटी दाराशी उभा राहिला.

हॉर्नने नकाशा समजावला. आवाज न चढवता, एकेक गोष्ट नीट. फर्निचरवाला उठला आणि म्हणाला, "बाई, माझं गिऱ्हाईक कपाट सायकलवर नेणार का?" सगळे हसले. एक तरुण बाप उठून म्हणाला की त्याची मुलगी शाळेत जाते तेव्हा ती परत येईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. कोणी हसलं नाही. औषधाच्या दुकानाची मालकीण म्हणाली की रविवारी तिचा धंदा उलट वाढला. फर्निचरवाला म्हणाला, "तुमचं बरं आहे, सायकलवरून पडलेले तुमच्याकडेच येतात!" असं बराच वेळ चाललं.

मग आप्पा उठले. आणि खरं सांगायचं तर आप्पा फार छान बोलले. हॉर्नलाही मनातून कौतुक वाटलं आणि काळजीही, कारण साहेब मान डोलवत होते.

"नागरिकहो! इथे बसलेल्यांत माझ्या हाताखाली शिकलेले किती? हात वर करा." दोन्ही बाजूंचे हात वर गेले. सायकलवाल्यांचेसुद्धा. "बघा! ह्या रस्त्यावर माझ्या वडिलांनी गाव शिकवलं. इथे वळण सोपं आहे, चढ बेताचा आहे, शिकाऊ माणूस इथे घाबरत नाही. हा रस्ता काढून घेतलात तर मी ह्या वयात शाळा उचलून कुठे नेऊ? आणि सायकल सगळ्यांना जमते असं नाही हो. मोटारही जमत नाही. आमच्या घरातच बघा ना. बायकोला शिकवली, तर तिने लायसन्सचं ऑफिस पाडलं!" हशा पिकला. "मग मी म्हटलं, बाई, तू मागे बस. तेव्हापासून ती सुखात, मी सुखात आणि फाटकही सुखात!"

टाळ्या पडल्या. आप्पा बसले. साहेबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "अजून कोणाला बोलायचंय का?"

मधल्या रांगेत माई उभी राहिली.

हॉर्नला वाटलं, आईला घरी जायचं असेल. क्लचला वाटलं, पाणी हवं असेल. एकट्या सुनेला कळलं, आणि तिने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"अगं, बस," आप्पा हळूच म्हणाले. "माझं बोलून झालंय."

"तुमचं झालं," माई म्हणाली. मग माइक न घेताच तिने साहेबांकडे बघितलं. "मी ती फाटक पाडणारी."

पुन्हा हशा, आणि ह्या वेळी टाळ्याही. माई हसली नाही.

"ह्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली त्यांना माहीत नाही. शिकाऊ गाडीला ब्रेक दोन असतात. मी वर्षभर शिकले. समोर कुत्रं आलं की ह्यांचा पाय ब्रेकवर. वळण आलं की ह्यांचा पाय ब्रेकवर. मी पाय हलवायच्या आत गाडी थांबलेली असायची. मला वाटायचं, मीच थांबवली. परीक्षेच्या दिवशी शेजारी दुसरे साहेब बसले, त्यांचं लक्ष कागदात. फाटक समोर आलं. मी वाट बघितली. म्हटलं, आता थांबेल. रोज थांबते तशी थांबेल."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ती थांबली नाही."

आप्पांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. केव्हा गेला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी जोर लावला, पण माई बोलतच राहिली.

"पुलापलीकडे माझी बहीण आहे. पूर्वी बस होती, ती बंद झाली. चालत जायला माझे गुडघे नाहीत. टॅक्सी करायची म्हटलं तर हे म्हणतात, घरात तीन गाड्या असताना भाड्याची गाडी? लोक हसतील. म्हणून मी रोज विचारते, कोणी मोकळं आहे का. मागच्या थंडीत ती न्हाणीघरात पडली. सकाळी मला फोन केला. शिकवण्या चालू होत्या, म्हणून मी खाली शाळेच्या बाकावर बसून राहिले, कोणी मोकळं होईल म्हणून. दुपार झाली. कोणाचा दोष नाही, सगळे कामात होते, म्हणून मी कोणाला अडवलं नाही. मी गाडीची वाट बघत अडकलेय हे मी फोनवर धाकटीला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही मला सांगितलं नव्हतं की ती अजून फरशीवरच आहे. मी पोचले तेव्हा ती तिथेच होती."

दाराशी क्लचने मान खाली घातली. त्या दिवशी आई बाकावर बसलेली त्याने बघितली होती. दोनदा तिच्यासमोरून गेला होता. तिला म्हणालाही होता, "ऊन चांगलं पडलंय ना?"

"तर गेले दोन महिने रविवारी हे मैदानावर शिकवायला गेले की मी खाली उतरते. ह्याच रस्त्यावर सायकल शिकते. गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा बरी, डॉक्टरांना विचारलंय." तिने बाही वर केली. "पडते. पण शेजारी थांबवणारं कोणी नाही, म्हणून आता मला थांबता येतं. पूल अजून जमला नाही. शाळा बंद व्हावी असं मी म्हणत नाही. ती कशी वाचवायची ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. पण मला तो रस्ता हवा आहे. एवढंच."

ती बसली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. फर्निचरवाल्याने उगाच घसा साफ केला. हॉर्न समोरच्या नकाशाकडे बघत होती. हा नकाशा तिने शाळेतल्या पोरांसाठी काढला होता, हवेसाठी, अपघातांसाठी. रात्रंदिवस मोजमापं घेतली, गावभर विचारत फिरली, कोणाला रस्ता हवा म्हणून. घरात विचारायचं राहिलं. तिचे डोळे भरून आले आणि साहेबांसमोर ते पुसायची तिला लाज वाटली नाही.

साहेब म्हणाले की निर्णय महिन्याभरात कळवू, तोवर रविवारचा प्रयोग चालू राहील, आणि शाळेच्या गाड्यांना मागच्या बाजूने वाट देता येते का ते बघायला संबंधित बाईंना सांगतो. संबंधित बाई म्हणजे हॉर्न.

परत येताना पाचही जण चालत होते. माई सुनेचा हात धरून मागे सावकाश येत होती. शाळेची पाटी दिसायला लागल्यावर आप्पा थांबले.

"गाडीला स्टीअरिंग एकच असतं," ते म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

"असतं," क्लच म्हणाला. "पण आप्पा, तिच्या पायाशीही ब्रेक होता. तो तुम्ही कधी वापरूच दिला नाही. आणि मी त्या दिवशी दोनदा तिच्यासमोरून गेलो. चुकलं आपलं."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. क्लचने आयुष्यात पहिल्यांदा एक बाजू घेतली होती, आणि त्यात स्वतःलाही सोडलं नव्हतं. आप्पा जिना चढून गेले. पुढचे दिवस त्यांनी फोन घेतले, शिकवण्या घेतल्या, पण भाषण म्हणून नाही. माईनेही मागचं काही काढलं नाही. फक्त एक झालं. कोणी मोकळं आहे का, हे तिने त्या आठवड्यात एकदाही विचारलं नाही, आणि ते न विचारणं घरातल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी माई खाली उतरली तेव्हा रस्त्यावर अडथळे लागले होते. सून मागच्या खोलीत सायकल काढायला गेली. ती तिची कॉलेजातली सायकल, जुन्या टायरांमागे लपवून ठेवलेली. टायर बाजूला होते आणि सायकल जागेवर नव्हती.

सायकल शाळेच्या दारात उलटी उभी होती. शेजारी आप्पा, हातात पाना.

"मैदानावर नाही गेलात?" माईने विचारलं.

"शिकाऊंना सुट्टी दिली." त्यांनी मान वर केली नाही. "ब्रेक किती ढिले आहेत हे! ह्याच्यावर चालवत होतीस? जिवाची काही पर्वा?" मग सुनेकडे बघून, "आणि तू! माझा उजवा हात म्हणे!"

"उजवाच होता आप्पा," सून म्हणाली. "तुम्ही बघत नव्हतात."

आप्पांनी सायकल सरळ केली, सीट थोडी खाली घेतली, चाक फिरवून बघितलं. मग हँडल माईपुढे धरलं.

"दाबून बघ."

माईने दोन्ही मुठी आवळल्या. चाक जागच्या जागी थांबलं.

"हा पुढचा, हा मागचा," आप्पा म्हणाले. "दोन्ही तुझ्याच हातात."

माईने त्यांच्याकडे बघितलं. तिने नुसतं "हं" म्हटलं आणि पाय पलीकडे टाकला. पहिल्या दोन पायडलांना सायकल डगमगली. आप्पांचे हात पुढे आले, तसे त्यांनी ते मागे घेऊन पाठीवर बांधले. सायकल सरळ झाली आणि पुलाच्या दिशेने निघाली.

औषधाच्या दुकानापाशी कुठूनसं कुत्रं आडवं आलं. आप्पांचा उजवा पाय धाडकन रस्त्यावर आदळला.

पण सायकल आधीच थांबली होती. माईने एक पाय खाली टेकवला, कुत्र्याला जाऊ दिलं, घंटी वाजवली आणि पुन्हा पायडल मारलं. पुलाचा चढ लागला, वेग कमी झाला, सायकल इकडून तिकडे झाली, आणि मग वरच्या टोकाला पोचून पलीकडच्या उतारावर दिसेनाशी झाली.

आप्पा बघतच राहिले. रस्त्यावर पोरं ओरडत सायकली पळवत होती, कोणीतरी त्यांना नमस्कार केला, त्यांचं लक्ष नव्हतं.

"आप्पा," सून म्हणाली, "पाय उचला आता. गेल्या त्या."